बाजूच्या आरशांविषयी

चि. भाचीस,

मोटार चालविण्याचा पक्का परवाना तुझ्या हाती पडला असून येत्या महिन्यापासून दर सोमवारी धाराशिवाहून तुळजापूर, नळदुर्ग या मार्गे उमरग्याच्या कचेरीस तू स्वतःच्या गाडीने जाणार, हे वाचून संतोष वाटला. वेगाविषयी तुझ्या वडिलांनी आणि रात्रीच्या प्रवासाविषयी तुझ्या आईने सांगावयाचे ते सांगितलेच असेल. म्हणून त्याची पुनरुक्ती न करता, ज्याचे महत्त्व शिकविणारेही फारसे सांगत नाहीत, त्या बाजूच्या दोन आरशांविषयीच लिहितो.

गाडीत आपण सरळ बसलो असता पुढचा रस्ता डोळ्यांना दिसतो व ठेट मागचा रस्ता आतल्या आरशात दिसतो. परंतु मागच्या दारांच्या दोन्ही अंगांना असा एक टापू उरतो, की तेथे आलेली मोटारसायकल डोळ्यांच्याही कक्षेत येत नाही आणि आरशाच्याही. हा टापू आपल्याच हलगर्जीने मोठा होतो, कारण बहुतेक चालक बाजूचे आरसे असे लावतात की त्यांत आपल्याच गाडीचा मागचा भाग ठळक दिसावा. मग जो रस्ता आतल्या आरशात दिसतो त्याचीच तीन-तीन प्रतिबिंबे मिळतात आणि ज्या पट्ट्यात धोका आहे त्याचे एकही मिळत नाही.

यावर जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकन अभियंत्याने 1995 साली एका निबंधात भूमितीच्या आधारे जी तजवीज सांगितली, ती आपल्या उजव्या बाजूच्या सुकाणूचक्राच्या गाडीला लावून अशी होते. आसन आणि आतला आरसा आधी नीट करून घे. नंतर डोके उजव्या खिडकीच्या काचेला जवळजवळ टेकेल इतके झुकव, आणि त्या स्थितीत आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल इतका उजवा आरसा बाहेर वळव. मग दोन्ही आसनांच्या मधोमध झुकून डावा आरसाही तसाच लाव. सरळ बसल्यावर कोणत्याही आरशात स्वतःची गाडी दिसणार नाही, आणि पहिले काही दिवस त्याने चित्त अस्वस्थ होईल. तरी आरसा जागेवरच राहू दे. कचेरीत एका मेजावरचा कागद उचलला जाण्यापूर्वीच दुसऱ्या मेजावर त्याची नोंद व्हावी, त्याप्रमाणे मागून येणारे वाहन आतल्या आरशातून निघण्याआधीच बाजूच्या आरशात उमटते, आणि तेथून सुटण्याआधी तुझ्या डोळ्याच्या कोपऱ्यात शिरते. मात्र मोटारसायकल ही सडपातळ वस्तू आहे, तेव्हा वळण्यापूर्वी मान किंचित फिरवून खांद्यावरून एक नजर टाकण्याचा शिरस्ता कधी मोडू नकोस.

मुळात मागचे पाहण्यासाठी आरसा वापरण्याची युक्तीच फार जुनी नव्हे. 1909 साली डॉरथी लेव्हिट या इंग्रज चालक स्त्रीने आपल्या पुस्तकात स्त्रियांना सुचविले होते की हातआरसा जवळ बाळगावा आणि अधूनमधून उंचावून मागची वाहतूक पाहावी. पुढे 1911 साली इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या पहिल्या शर्यतीत इतर स्पर्धकांसोबत मागे लक्ष ठेवणारा मेकॅनिक बसलेला असताना रे हॅरून एकटाच उतरला, त्यावर हरकत निघाली, तेव्हा त्याने गाडीवर आरसा बसविला आणि शर्यत जिंकली. परंतु विटांच्या त्या मार्गावर गाडी इतकी थरथरत होती की आरशात काहीच दिसले नाही, असे त्याने पुढे सांगितले. हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडच्या खडबडीत रस्त्यांनी आरशाची पकड सैल होते, व धुळीने काच आंधळी होते. आपल्या मालमोटारींत क्लीनर डावी बाजू पाहून आवाज देतो. तुझ्या गाडीत तो नसणार.

आता आपल्या मुलखाविषयी. गळिताच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर संथपणे चाललेले तुला जागोजाग भेटतील. ऊस दोन्ही अंगांनी बाहेर डोकावत असल्याने त्या चालकास मागचे काहीच दिसत नाही, तेव्हा त्याच्याकडून खबरदारीची अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे. त्यास ओलांडण्यासाठी उजवीकडे निघण्यापूर्वी उजवा आरसा पाहा, कारण तुझ्या मागचा मनुष्य तुम्हां दोघांनाही ओलांडण्यास आधीच निघालेला असू शकतो. आणि पुन्हा डावीकडे येताना डावा आरसा पाहा, कारण रस्त्याच्या कडेने आतून पुढे आलेला दुचाकीस्वार नेमका तेथे असतो, व पुष्कळदा त्याच्यामागे एक बाई आणि तिच्या कडेवर मूल असते. आरशात पाहिलेली नोंद लवकर शिळी होते: ताशी 80 किलोमीटर वेगाने तुझी गाडी सेकंदास बावीस मीटर सरकते, आणि तुझ्याहून ताशी 20 किलोमीटर अधिक वेगाने येणारा इसम दर सेकंदास साडेपाच मीटर जवळ येतो.

आणखी एक फसगत अशी, की बाजूचे आरसे बहुधा बहिर्गोल असतात; ते रस्ता अधिक दाखवितात खरे, परंतु वाहन लहान, म्हणून दूर भासते. अंतराचा निवाडा आतल्या सपाट आरशावरच करावा. ओलांडलेल्या ट्रॅक्टरचे सारे तोंड त्यात दिसल्याशिवाय डावीकडे येऊ नकोस. नळदुर्गापासून हैदराबादच्या महामार्गाला लागलीस की मोठ्या मालमोटारी भेटतील. त्यांच्या आरशात चालकाचा चेहरा तुला दिसत नसेल, तर त्यासही तू दिसत नाहीस असे समजून तेथे रेंगाळू नकोस.

राहता राहिली नवरात्राची गोष्ट. त्या दिवसांत तुळजापूरहून भवानीची ज्योत घेऊन धावणारी मुले आपापल्या गावाकडे रात्री-अपरात्री निघतात, आणि कोजागिरीच्या सुमारास सोलापूरकडून अनवाणी चालत येणाऱ्या भाविकांनी रस्ता भरून जातो. एवढ्या माणसांत आरसा कितीही नीट लावला तरी अपुराच पडतो. त्या दिवसांत गाडी उमरग्यासच ठेव आणि घरी यावयाचे असेल तर एसटीने ये. मी स्थानकावर घ्यावयास येईन.

तुझा,
मामा