मुलांचे डबे विकणाऱ्या साहेबांना काय विचारायचे?

आपल्या वस्तीतल्या मेडिकलमध्ये लहान मुलांच्या दुधाच्या पावडरीचे डबे ओळीने मांडलेले असतात. असा डबा बनवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाची मुलाखत घ्यायची संधी आपल्यातल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला मिळाली, तर त्याने काय विचारावे? 'आपल्या यशाचे रहस्य काय?' एवढेच विचारले, तर हाती लागेल ती फुकटची जाहिरात. खरा प्रश्न कसा असतो, हे समजायला एक जुना प्रसंग पाहू.

तारीख २३ मे १९७८. अमेरिकेच्या सिनेटमध्ये बाळांच्या दूध पावडरीबद्दल सुनावणी होती. गरीब देशांत या पावडरीची जोरात विक्री चालली होती. नर्ससारखे कपडे घातलेल्या विक्रेत्या बाळंतिणींना भेटत, फुकट नमुने वाटत. नमुना संपेपर्यंत आईचे दूध आटू लागे. मग डबा विकत घ्यावा लागे. तो महाग, म्हणून थोड्या पावडरीत जास्त पाणी घातले जाई. पाणी दूषित, बाटली उकळायला इंधन नाही. परिणाम दोनच, जुलाब आणि कुपोषण. कित्येक बाळे यात दगावली. १९७७ पासून अमेरिकेत नेस्ले कंपनीच्या मालावर बहिष्कारही सुरू झाला होता.

सुनावणीत नेस्लेच्या ब्राझीलमधील शाखेचे प्रमुख ओस्वाल्दो बॅलारिन साक्षीला आले. हा बहिष्कार म्हणजे मुक्त जगाच्या अर्थव्यवस्थेवरचा अप्रत्यक्ष हल्ला आहे, असे त्यांनी सांगितले. अध्यक्षस्थानी सिनेटर एडवर्ड केनेडी होते. त्यांनी साधी परिस्थिती समोर ठेवली. जिथे पाणी दूषित आहे, गटारे रस्त्यावर वाहतात, गरिबी आहे आणि आईला वाचता येत नाही, तिथे ही पावडर सुरक्षितपणे वापरता येईल का? अशुद्ध पाणी असेल तिथे ती वापरू नये, हे बॅलारिन यांना मान्य करावे लागले. पण तशा ठिकाणी ती वापरली जाते त्याची जबाबदारी कंपनी घेऊ शकत नाही, असेच त्यांचे उत्तर राहिले.

त्या उत्तराने कंपनीची बाजू उघडी पडली. पुढे २१ मे १९८१ रोजी जागतिक आरोग्य सभेने अशा विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर केली. बाजूने ११८ मते पडली, विरोधात फक्त अमेरिकेचे एक. त्याच वाटेने भारतात १९९२ चा कायदा आला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. या कायद्याने दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचे पर्यायी दूध, बाळान्न आणि दुधाच्या बाटल्या यांची जाहिरात करता येत नाही. फुकट नमुने वाटता येत नाहीत. डब्यावर बाळाचे किंवा आईचे चित्र छापता येत नाही.

आता आपल्या मुलाखतीकडे वळू.

१. आधी वस्तीत फिरा. आशाताई, अंगणवाडीताई आणि चार आयांशी बोला. डबा कोणी सुचवला, किती दिवस पुरतो, महिन्याचा खर्च किती दिवसांच्या मजुरीएवढा होतो, हे लिहून घ्या.

२. डबा हातात घेऊन वाचा. सूचना कोणत्या भाषेत आहेत, अक्षर केवढे आहे, एका मापाला किती पाणी सांगितले आहे, ते टिपा.

३. आरोप करू नका, परिस्थिती सांगा. 'तुम्ही मुले मारता' म्हटले, की साहेब उठून जातील. 'आमच्याकडे नळाला दिवसाआड पाणी येते. तिथे हा डबा कसा वापरायचा?' याला मात्र उत्तर द्यावेच लागते.

४. पहिल्या उत्तरावर थांबू नका. 'डब्यावर सूचना छापल्या आहेत' असे ते म्हणतील. ज्या आईला वाचता येत नाही तिला त्या कोण समजावते, हे लगेच विचारा.

५. उत्तर जसे दिले तसेच लिहा आणि त्यांना वाचून दाखवा. त्यांची बाजू पूर्ण छापा. उत्तर दिले नसेल, तर तेही छापा. भेटवस्तू घेऊ नका.

थोड्या मोठ्या मुलांच्या चॉकलेटी पावडरींनाही हेच लागू. 'हेल्थ ड्रिंक' हा शब्द आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात कुठेच ठरवून दिलेला नाही. म्हणून एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये त्या नावाखालून काढायला सांगितले. तेव्हा शंभर ग्रॅममध्ये साखर किती, हा प्रश्न जरूर विचारा.

घरासाठी एवढे लक्षात ठेवा. जन्मानंतर पहिल्या तासातच बाळाला अंगावर घ्यावे. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, वरचे पाणीसुद्धा नको. नंतर घरचे मऊ अन्न सुरू करून अंगावरचे दूध दोन वर्षे आणि पुढेही चालू ठेवावे. काही आयांना दूध पाजणे खरोखरच शक्य नसते. त्यांना दोष देऊ नये. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने पर्यायी दूध द्यावे. पाणी उकळलेले, माप डब्यावर सांगितलेले आणि बाटलीऐवजी स्वच्छ वाटी-चमचा. डबा पुरवण्यासाठी दूध पातळ करू नये.

साहेबांना त्यांच्या मालाची माहिती असते. आपल्या नळाची, चुलीची आणि मजुरीची माहिती आपल्याला असते. प्रश्न तिथूनच न्यायचा.