नाकाबंदी, बाटली आणि आपली मुले



लग्नसराई, नाताळ आणि सणांच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत आपली तरुण मुले मोटारसायकलीवर आणि गाडीतून फिरत असतात. रस्त्यावर पोलिसांची नाकाबंदी असते. "आम्ही प्यायलो नव्हतो, फक्त बाटली गाडीत होती," असे मुले सांगतात आणि आईवडिलांनाही वाटते की, प्यायला नाही म्हणजे गुन्हा नाही. हा समज चुकीचा आहे. या विषयावर आपल्या महाराष्ट्रात कायदा काय म्हणतो ते या पाठात समजून घेऊ.

तीन वये लक्षात ठेवा

आपण सर्वसाधारणपणे १८ हे एकच वय ध्यानात ठेवतो. मतदानाचा हक्क आणि गाडीचे लायसन्स १८ व्या वर्षी मिळते, म्हणून मुलगा 'मोठा झाला' असे आपण म्हणतो. दारूच्या बाबतीत मात्र महाराष्ट्रात आणखी दोन वये आहेत. सौम्य बिअर आणि वाईनसाठी २१ वर्षे, तर व्हिस्की, रम, ब्रँडी, देशी दारू यांसाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात.

शिवाय नुसते वय पुरेसे नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ (पूर्वीचा मुंबई दारूबंदी अधिनियम) आजही लागू आहे. या कायद्यानुसार दारू विकत घेणे, जवळ बाळगणे, वाहून नेणे आणि पिणे यासाठी परवाना लागतो. दुकानात कोणी विचारत नाही, म्हणून परवाना लागत नाही असे नव्हे. याच कायद्याचे कलम ६६ परवान्याशिवाय दारू बाळगणे आणि वाहून नेणे यालाही शिक्षा सांगते. कलम ९८ प्रमाणे बेकायदा दारू ज्या वाहनातून नेली जाते, ते वाहनही सरकारजमा होऊ शकते.

एक उदाहरण घेऊ

समजा, रात्री अकरा वाजता एका गाडीत तिघे आहेत. गाडी चालवणारा २२ वर्षांचा, शेजारी बसलेला १९ वर्षांचा आणि मागे बसलेला १७ वर्षांचा. तिघांपैकी कोणीही प्यायलेले नाही. सीटखाली व्हिस्कीची एक बाटली आहे. पोलीस गाडी थांबवतात. पुढे काय?

पहिली गोष्ट, तिघांपैकी एकालाही व्हिस्कीचा परवाना मिळू शकत नाही, कारण कोणाचेच वय २५ नाही. २२ वर्षांच्या तरुणाने परवाना काढला असता, तर तो फार तर सौम्य बिअर किंवा वाईन जवळ ठेवू शकला असता. बाटली नेमकी कोणाच्या ताब्यात होती, कोणाला तिची माहिती होती, हे पुढे तपासात आणि कोर्टात ठरते. पण त्या रात्री तिघांनाही पोलीस ठाण्यात जाऊन उत्तरे द्यावी लागतील.

आता तिघांचे काय होते ते वेगवेगळे पाहू.

१७ वर्षांचा मुलगा. १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती कायद्याने 'बालक' आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याला बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या स्वाधीन करून, प्रवासाचा वेळ वगळता, २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. त्याच्या आईवडिलांना कळवावे लागते. त्याचे नाव किंवा फोटो वर्तमानपत्रात छापता येत नाही. मंडळ त्याला समज देऊ शकते, समुपदेशनाला पाठवू शकते, समाजसेवा करायला सांगू शकते किंवा आईवडिलांना दंड भरायला लावू शकते. सर्वसाधारणपणे अशा प्रकरणाचा डाग त्याच्या पुढच्या आयुष्यावर राहू नये अशी तरतूद कलम २४ मध्ये आहे.

१९ वर्षांचा तरुण. याची अवस्था सर्वांत अवघड आहे, आणि आपल्या घरांतून याच वयाबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. दारूच्या कायद्याने तो लहान आहे, म्हणून त्याला परवाना नाही. फौजदारी कायद्याने मात्र तो प्रौढ आहे, म्हणून बाल न्याय मंडळाचे संरक्षणही नाही. त्याच्यावर प्रौढाप्रमाणे गुन्हा दाखल होतो आणि खटला नेहमीच्या न्यायालयात चालतो. "कबूल कर, दंड भर आणि मोकळा हो," असा सल्ला त्याला कोणीतरी देतो. पण न्यायालयात गुन्हा कबूल करून दंड भरणे म्हणजे दोषी ठरणे होय. पासपोर्टच्या अर्जात प्रलंबित फौजदारी खटल्याची माहिती द्यावी लागते. परदेशात नोकरीला जाताना पोलिसांचा चारित्र्य दाखला मागितला जातो. आपली कितीतरी मुले आखाती देशांत, जहाजावर आणि कॅनडाला जाण्याची स्वप्ने पाहतात. त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

२२ वर्षांचा चालक. तो प्यायलेला नसल्याने दारू पिऊन गाडी चालवण्याचा गुन्हा त्याला लागत नाही. पण बाटली वाहून नेल्याचा प्रश्न त्याच्यापुढेही आहेच. त्यातून बाटली १७ वर्षांच्या मुलालाही द्यायची होती असे दिसले, तर प्रकरण अधिकच गंभीर होते. ते कसे, हे पुढे पाहू.

चालक प्यायलेला असेल तर

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १८५ सांगते की, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले तर तो गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. १ सप्टेंबर २०१९ पासून ही वाढीव रक्कम लागू आहे. त्यापूर्वी पहिला दंड २,००० रुपयांपर्यंत होता. हा गुन्हा जागेवर चलन भरून मिटत नाही, कोर्टात जावेच लागते. लायसन्सही जप्त होऊन निलंबनासाठी पाठवले जाते.

कलम १८८ प्रमाणे अशा गुन्ह्याला जो चिथावणी देतो, त्यालाही तीच शिक्षा आहे. "घे रे, काही होत नाही, चालव तू," असे म्हणणाऱ्या मित्राने हे ध्यानात ठेवावे.

मोठ्यांची जबाबदारी

बंधु-भगिनींनो, या पाठाचा सर्वांत महत्त्वाचा भाग मुलांसाठी नाही. तो आपल्यासाठी आहे.

बाल न्याय अधिनियमाचे कलम ७७ म्हणते की, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय जो कोणी बालकाला दारू देतो किंवा द्यायला लावतो, त्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. यात दुकानदार आणि घरचा माणूस असा भेद केलेला नाही. मांडवात कौतुकाने पुतण्याच्या हातात ग्लास देणारे काका आणि "आज नाताळ आहे, थोडी घे" म्हणणारे मामा हेही त्यात येतात.

कलम ७८ त्याहून डोळे उघडणारे आहे. बालकाचा दारू विकण्यासाठी, वाहून नेण्यासाठी किंवा पोहोचवण्यासाठी जो वापर करतो, त्यालाही तेवढीच शिक्षा आहे. "बाळा, स्कूटर घे आणि नाक्यावरून एक बाटली आण," हे वाक्य आपल्याकडे किती सहज उच्चारले जाते! मुलाला लायसन्स नाही, हातात दारू आहे आणि पाठवणारा बाप आहे. अशा वेळी नाकाबंदीवर खरा आरोपी कोण?

गाडीच्या बाबतीतही तसेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ प्रमाणे १८ वर्षांखालील मुलाने गाडी चालवताना या कायद्याखालील गुन्हा केला, तर त्याचे पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. मुलाने आपल्या नकळत गाडी नेली, किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावर आहे. चावी खिळ्याला उघड्यावर टांगलेल्या घरात ते सिद्ध करणे सोपे नाही.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये काय घडले ते आपण सर्वांनी वाचले आहे. १७ वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. मुलगा आधी मित्रांबरोबर दारू प्यायल्याचे पोलिसांचे म्हणणे होते. बाल न्याय मंडळाने त्याला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, म्हणून देशभर संताप झाला. पण त्यानंतर अटक झाली ती मुलाच्या वडिलांना आणि दारू देणाऱ्या ठिकाणच्या लोकांना, हे फार थोड्यांच्या लक्षात राहिले. ते दोन जीव मात्र कोणत्याही खटल्याने परत येणार नाहीत.

दमणहून येताना

आपल्या भागातून सहलीला दमणला जाण्याची पद्धत आहे. दारू तिथे स्वस्त, म्हणून येताना डिकीत चार बाटल्या ठेवल्या जातात. पण दमणहून रस्त्याने येताना गुजरात ओलांडावे लागते आणि गुजरातमध्ये दारूबंदी आहे. पुढे महाराष्ट्रात शिरतानाही बाहेरची दारू परवान्याशिवाय आणणे गुन्हा आहे. म्हणजे एकाच प्रवासात दोन राज्यांचे कायदे मोडले जातात. गाडीत कॉलेजची मुले असतील तर त्यांनाही आपण त्यात ओढतो.

पोलिसांनी थांबवल्यास

१. गाडी बाजूला घेऊन थांबा. पळून जाण्याचा प्रयत्न करू नका. पळण्यानेच सर्वांत मोठे अपघात होतात.

२. बाटली फेकू नका, खोटे वय सांगू नका, पैसे देऊ करू नका. लाच देणे हा वेगळा गुन्हा आहे.

३. श्वासाची चाचणी नाकारू नका. संशयाला सबळ कारण असताना नकार दिल्यास विनावॉरंट अटक होऊ शकते आणि तो नकार कोर्टात आपल्याविरुद्ध जातो.

४. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली, तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. हा आपला हक्क आहे.

५. मुलगा १८ वर्षांखालील असल्यास जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला घेऊन पालकांनी ताबडतोब जावे. वाचल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करू नये.

६. वकिलाची ऐपत नसल्यास तालुका विधी सेवा समितीकडे जावे. मुले, स्त्रिया आणि कोठडीत असलेल्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

कायद्याच्या पलीकडे

कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाचा २२९० वा परिच्छेद नशेमुळे किंवा वेगाच्या हव्यासामुळे रस्त्यावर स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घालणे हे गंभीर पाप मानतो. म्हणजे ही गोष्ट केवळ पोलीस आणि चलनाची नाही, ती सदसद्विवेकाची आहे.

मुलाला रागावून भागणार नाही. "कितीही वाजू देत, तू किंवा तुझा मित्र प्यायलेला असेल तर मला फोन कर, मी न्यायला येईन. त्या रात्री एक शब्दही बोलणार नाही, सकाळी बोलू," असे वचन प्रत्येक आईवडिलांनी मुलाला द्यावे. मार खाण्याच्या भीतीने फोन न करणारा मुलगाच बहुधा स्टिअरिंग हातात घेतो.

समूहाच्या बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या घरात लहान मुलांना दारू आणायला पाठवले जाते का?

२. लग्नाच्या मांडवात १८ वर्षांखालील मुलांच्या हाती ग्लास जाऊ नये, यासाठी यजमानांनी काय करावे?

३. गाडीची चावी आपल्या घरात कुठे असते?

४. रात्री फोन करायला आपला मुलगा किंवा मुलगी घाबरते का? का घाबरते?

येत्या आठवड्यात कुटुंबाच्या संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर दहा मिनिटे काढून हे प्रश्न मुलांबरोबरच वाचावेत, ही विनंती.