उमेदवारीतील पार्सलवाला : वेग येतो कोठून?

आपल्या मोहल्ल्यांतील तरुणांपुढे गेल्या काही वर्षांत रोजगाराचा एक नवा मार्ग खुला झाला आहे. तो म्हणजे घरोघर पार्सल पोहोचविण्याचा. भिवंडीत तर हा बदल डोळ्यांदेखत झाला. यंत्रमागाच्या धंद्याला मंदीचे फटके बसत राहिले आणि त्याच काळात मुंबई-नाशिक महामार्गालगत गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. बाप मागावर आणि मुलगा पार्सलच्या टेंपोवर, अशी कितीतरी घरे आज तेथे सापडतील.

या कामाला कमी लेखणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की, ह. मुहम्मद (स.) यांनी प्रेषितत्वापूर्वी ह. खदीजा (रजि.) यांचा माल शामपर्यंत नेऊन विकला होता. दुसऱ्याचा माल सुखरूप नेणे ही अमानत आहे. मक्केचे लोक त्यांना ‘अल्-अमीन’ म्हणत, ते अशाच व्यवहारांतील सचोटीमुळे.

मात्र या नोकरीत पहिले काही महिने उमेदवारीचे असतात. कंपनीच्या भाषेत प्रोबेशन. या काळात किती पार्सले नेली, किती परत आणली, पैशांत तूट आली काय, हे रोज पाहिले जाते. नवा मुलगा घाबरतो आणि गाडी पळवू लागतो. येथेच त्याचे चुकते. पार्सलच्या कामातील वेग रस्त्यावर मिळत नाही. तो गोदामातून निघण्यापूर्वीच्या अर्ध्या-पाऊण तासात आणि ग्राहकाच्या दाराशी मिळतो. साधा हिशेब करा. समजा दिवसाची 80 पार्सले आहेत. प्रत्येक पार्सलमागे शोधाशोधीची 2 मिनिटे वाचली, तर 160 मिनिटे, म्हणजे दोन तास चाळीस मिनिटे हाती उरतात. भरधाव गाडी हाकून शहराच्या गर्दीत एवढा वेळ कोणालाही वाचविता येणार नाही. उलट हातपाय मोडण्याची आणि परवाना जाण्याची भीती.

परवान्यावरून आठवले. मालवाहू टेंपोसाठी वेगळी नोंद लागते असे सांगून पैसे उकळणारे दलाल अजून आहेत. एकूण वजन 7500 किलोपर्यंत असलेला मालवाहू टेंपो हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालविता येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी दिला आहे.

आता मूळ कामाकडे वळू. सकाळी ताब्यात मिळालेली पार्सले रनशीटशी एकेक ताडून पाहावीत. कागदावर 80 आणि हातात 79 असतील, तर ते गोदामातच सांगावे. बाहेर पडल्यावर सांगितलेले कोणी मानत नाही, आणि त्या एका पार्सलची किंमत पगारातून जाते. फाटलेले किंवा ओले पार्सल दिसले, तर तेथेच फोटो काढून मुकादमाला दाखवावे.

नंतर पत्ते लावावेत. पिनकोडचे पहिले तीन आकडे टपाल वर्गीकरणाचा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन वाटपाचे टपाल कार्यालय. 15 ऑगस्ट 1972 पासून सुरू झालेली ही पद्धत बसविणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे पंडित होते, ही मराठी वाचकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट. परंतु पिनकोड फार तर परिसरापर्यंत नेतो, दारापर्यंत नाही. जुन्या वस्तीत घर क्रमांक 212 च्या शेजारी 213 असेलच असे नाही. तेथे मशीद, दवाखाना, पिठाची गिरणी, जिना रस्त्यावरून आहे की गल्लीतून, याच खुणा उपयोगी पडतात. म्हणून खिशात एक छोटी वही ठेवावी आणि सापडलेला प्रत्येक अवघड पत्ता खुणेसह लिहून घ्यावा. मोबाईलचा नकाशा चाळीच्या तोंडाशी नेऊन सोडतो. पुढचे काम वही करते. महिनाभरात ही वही त्या मुलाचे खरे भांडवल होते. जुने चालक ती कोणाला दाखवत नाहीत, हेही सांगून ठेवतो!

पत्ते लागले की वाटपाच्या क्रमाने पार्सलांवर ठळक आकडा टाकावा आणि उलट्या क्रमाने टेंपो भरावा. शेवटी द्यायचे ते आत, आधी द्यायचे ते दाराशी. जड माल खाली, आणि पत्त्याची बाजू नेहमी आपल्याकडे. क्रम ठरविताना माणसांच्या वेळा पाहाव्यात. दुकाने व कार्यालये दुपारपूर्वी, घरे त्यानंतर. यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेला कारागीर सकाळी झोपलेला असतो. त्याचे दार वाजवून उपयोग नाही. शुक्रवारी आपल्या वस्तीतील दुकाने जुम्यासाठी बंद होतात. त्या सुमारास त्याच भागातील फेरी संपेल असा बेत आखला, तर स्वतःची नमाजही जमाअतीत होते आणि एकही पार्सल अडत नाही. मुकादमाला हे पहिल्या आठवड्यातच स्पष्ट सांगावे. न सांगता गायब होणाऱ्याची गणना कामचुकारांत होते.

एकदा गाडी उभी केली की आसपासची चार-पाच पार्सले पायी द्यावीत. लिफ्ट असेल तर आधी वरचा मजला, मग उतरत यावे. किल्ली, पेन, मोबाईल यांची जागा रोज तीच असावी. अमेरिकेत 1907 साली सुरू झालेली युपीएस ही पार्सल कंपनी आपल्या चालकांना शक्यतो डावे वळण टाळायला लावते. तिकडे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून डावीकडे वळताना समोरची रहदारी आडवी येते. आपल्याकडे हाच नियम उलटा करून उजवी वळणे कमी करावीत.

फोन दाराशी पोहोचल्यावर करू नये. दोन-तीन पत्ते आधीच करावा. घरी कोणी नसेल तर क्रम तेव्हाच बदलता येतो.

आता सर्वांत नाजूक भाग. संध्याकाळ होते, दहा पार्सले उरतात, आणि एखादा जुना साथीदार कानात सांगतो, ‘दरवाजा बंद’ असा शेरा मार आणि चल. बहुतेक नवी मुले येथे घसरतात. तो शेरा खोटा असतो. ग्राहक घरात वाट पाहत बसलेला असतो. आता शेरा मारतेवेळी गाडी कोठे होती हे मोबाईलवरून कंपनीला कळते, त्यामुळे उमेदवारी संपण्याऐवजी नोकरीच संपते. पण कळत नसते तरी काय? अमानत ज्याची त्याला पोहोचविण्याची आज्ञा सूरह निसाच्या 58व्या आयतीत आहे. उरलेली दहा पार्सले ‘वेळ पुरला नाही’ असे खरे सांगून परत द्यावीत. बोलणी खावी लागतील, पण महिन्याभरात आकडा आपोआप सुधारतो. ग्राहकाचा ओटीपी पार्सल हातात देण्यापूर्वी मागणे हाही त्याच जातीचा प्रकार.

उमेदवाराचेही हक्क आहेत. कामावर घेताना पत्र मागावे. आपण कंपनीचे नोकर, ठेकेदाराचे नोकर की पार्सलमागे पैसे घेणारे, हे त्यात पाहावे. पेट्रोल कोणाचे, हेही. नोकर असाल आणि आस्थापनेला भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू असेल, तर उमेदवारीत पीएफ मिळत नाही हे म्हणणे खोटे आहे. तो पहिल्या दिवसापासून लागू होतो. पार्सलमागे पैसे घेणाऱ्यांनी ई-श्रमवर नोंदणी करून ठेवावी. सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली असून तिच्यात अशा कामगारांची दखल घेतलेली आहे. आणि आपले जे व्यापारी बंधू स्वतःच डिलिव्हरीसाठी मुले ठेवतात, त्यांनी त्या मुलांची मजुरी वेळेवर चुकती करावी. परक्या कंपनीकडे बोट दाखविणे सोपे असते.

रोखीचे पैसे ग्राहकासमोर मोजावेत आणि वेगळ्या थैलीत ठेवावेत. चहाचे दहा रुपयेही त्यातून घेऊ नयेत, कारण संध्याकाळी ते आठवत नाहीत. मोबाईलवरून पैसे आले असतील, तर ग्राहकाच्या मोबाईलचा पडदा पाहून विश्वास ठेवू नये. आपल्या यंत्रावर रक्कम जमा झाल्याचा संदेश येऊ द्यावा. गोदामात परतल्यावर परत आणलेली पार्सले आणि रोकड खिडकीवर मोजून द्यावी, तारखेसह सही घ्यावी, आणि ती चिठ्ठी निदान त्या महिन्याचा पगार हाती पडेपर्यंत जपून ठेवावी.