गरी खाऱ्या पाण्याची, पीस घरच्या कोंबड्याचं

तोंडवलीच्या किनाऱ्यावर ट्राउट मिळत नाही आणि कधी मिळणारही नाही. त्या माशाला वीस अंशांच्या आतलं, खळाळतं पाणी लागतं. 1900 साली स्कॉटलंडहून आलेली त्याची अंडी काश्मीरमध्ये उबवली गेली. पुढे कुलूच्या खोऱ्यात आणि निलगिरीतही तो सोडला गेला. आजही भारतात तो अशा थंड डोंगरी पाण्यातच टिकून आहे. तरीही अलीकडे हिवाळ्यात आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांच्या सामानात ट्राउटच्या काठ्या दिसू लागल्या आहेत. तीर्थनच्या खोऱ्यात सुट्टी घालवताना फ्लाय फिशिंग शिकलेली ही हौशी मंडळी तेच साहित्य घेऊन गड नदीच्या मुखाशी उभी राहतात. त्यांच्या हौसेचं मला कौतुक आहे. पण या हौसेपायी माणसाला इजा झालेली मी पाहिली आहे आणि एका पक्ष्याचा जीव गेलेलाही पाहिला आहे. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

माझं बालपण तोंडवली-तळाशीलच्या वाळूत गेलं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कालावल खाडी आणि मध्ये सुरूच्या झाडांची चिंचोळी पट्टी, असा आमचा गाव. वडील खाडीत गरवायला जात, तेव्हा मी टोपली धरून मागे. पुढे नोकरीनिमित्त कुलूकडे राहिलो आणि तिथं फ्लाय बांधायला शिकलो. निवृत्तीनंतर गावी परतलो. आता बांधतो त्या फ्लाय इथल्या तांबोशी माशासाठी.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नेहमीच्या गरवण्यात शिशाच्या वजनानं तंगूस लांब जातो आणि गरीला आमिष म्हणून सुंगट (कोळंबी) किंवा पेडवा हा लहान मासा लावलेला असतो. फ्लाय म्हणजे गरीवर दोऱ्यानं पिसं आणि केस बांधून केलेलं खोटं भक्ष्य. तिला स्वतःचं वजन जवळजवळ नसतं. वजन असतं ते जाडसर लाईनमध्ये. काठी मागेपुढे हलवून ती लाईन हवेत लांबवायची आणि तिच्या टोकाला असलेली फ्लाय अलगद पाण्यावर उतरवायची. म्हणजे फेक करताना धारदार गरी दर वेळी आपल्या डोक्याजवळून जाते. पहिला धोका इथंच आहे.

वारा आणि गरी

एका जानेवारीत पुण्याचे एक स्नेही मुलाला घेऊन आले होते. मुलगा कॉलेजात शिकणारा, फेक सुंदर. दुपारी जेवण झाल्यावर तो एकटाच किनाऱ्यावर गेला. आमच्याकडे हिवाळ्यात पहाटे मतलई वारा असतो, तो जमिनीवरून समुद्राकडे जातो. तेव्हा समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की वारा पाठीवर येतो आणि लाईन आपसूक पुढे जाते. दुपारनंतर मात्र वायव्येकडून समुद्राचा वारा सुटतो. समुद्राकडे तोंड केलेल्या माणसाच्या तो उजव्या हाताला येतो. उजव्या हातानं फेकणाऱ्याची लाईन मग त्याच्याच अंगावर ढकलली जाते. त्या मुलाच्या कानामागे गरी घुसली, टोकामागच्या उलट्या काट्यासकट. मालवणला डॉक्टरांकडे नेऊन, ती जागा बधिर करून गरी काढावी लागली. दोन बोटं पुढे लागली असती तर डोळा होता.

तेव्हापासून माझ्यासोबत येणाऱ्या प्रत्येकाला मी काही गोष्टी बजावून सांगतो. गरीचा उलटा काटा पक्कडीनं दाबून सपाट करा. मासा त्यानं फारसा निसटत नाही, तंगूस ताणलेला ठेवला की झालं. आणि गरी अंगात शिरलीच तर आल्या वाटेनं परत निघते. डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर टोपी घातल्याशिवाय फेक करू नका. वारा फेकीच्या हाताकडून असेल तर जागा बदला किंवा खाडीच्या बाजूला या, तिथं सुरूंचा आडोसा मिळतो. पाठीमागे कोण उभं आहे ते दर फेकीआधी बघा, कारण किनाऱ्यावर मुलं धावत येतात. गरी डोळ्याजवळ घुसली तर तिला हात लावू नका, दाब पडणार नाही असं काहीतरी वरून झाका आणि थेट रुग्णालय गाठा. जखम साधी असली तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा.

खारं पाणी काय करतं

त्याच पाहुण्यांचं बाकीचं साहित्यही आठवडाभरात निकामी झालं. रीळ ओलंच गाडीच्या डिकीत राहिलं होतं, ते फिरेना. थंड पाण्यासाठी बनवलेली लाईन आमच्या उन्हात मऊ पडून चिकट झाली आणि कड्यांतून सरकेना. डबीतल्या ट्राउटच्या बारीक फ्लाय गंजून एकमेकींना तांबूस डाग लावून बसल्या. यात त्या वस्तूंचा दोष नव्हता. त्या गोड्या, थंड पाण्यासाठीच बनवल्या होत्या.

ट्राउटसाठी चार किंवा पाच क्रमांकाची काठी चालते. आमच्या किनाऱ्यावर आठ क्रमांकाची, नऊ फुटी काठी घ्या. वारा कापायला आणि तांबोशीला खडकापासून वळवायला तेवढा जोर लागतो. लाईन उष्ण प्रदेशासाठी बनवलेली हवी, तिचा गाभा ताठ असतो. रिळाचा ब्रेक बंदिस्त असावा, म्हणजे आत वाळू आणि खार जाणार नाही. गरी कथिलाचा मुलामा दिलेली किंवा स्टेनलेस स्टीलची घ्या. ट्राउटच्या गऱ्या काळपट-तपकिरी असतात, त्या खाऱ्या पाण्यात फार काळ टिकत नाहीत. तांबोशीला दात आहेत आणि गरी लागली की ती कालवांनी भरलेल्या खडकाकडे किंवा कांदळवनाच्या मुळांकडे धाव घेते, म्हणून टोकाला तीस-चाळीस पौंडांचा जाड तंगूस हवा. केसासारख्या बारीक तंगुसावर ट्राउट निघतो. इथं तसा तंगूस तुटतो, आणि माशाच्या तोंडात गरी तशीच राहते.

घरी आल्यावर रीळ, काठी आणि लाईन गोड्या पाण्यानं धुवा. पाणी हलकं ओता, जोराची धार खार आणखी आत ढकलते. रिळाचा ब्रेक सैल करून सगळं सावलीत वाळवा. वापरलेली फ्लाय धुऊन वाळेपर्यंत डबीत परत ठेवू नका. सुटी लाईन पायाशी लाटेत पडली की गुंतते, म्हणून कमरेला एखादं उथळ प्लॅस्टिकचं टोपलं बांधा. हे टोपलं बाजारात दहापट किमतीला विकत घ्यायची गरज नाही.

कुलूला वापरतात ते छातीपर्यंतचे रबरी वेडर्स मात्र इथं अजिबात आणू नका. गड नदी समुद्राला मिळते तिथं सुकतीचं पाणी जोरात ओढतं आणि वाळूची कड पायाखालून निघते. वेडर्समध्ये पाणी भरलं तर पोहणाऱ्यालाही उभं राहता येत नाही. गुडघ्याच्या वर पाण्यात शिरू नका. पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूतून घासत चाला, म्हणजे वाळूत बसलेलं पाकट आधीच दूर जातं. पाकटाचा किंवा शिंगाळ्याचा काटा लागलाच तर तो भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात ठेवा आणि डॉक्टरकडे जा. भरतीची वेळ आमच्याकडचे जुने लोक तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट केली की तास निघतो, अष्टमीला सहाच्या सुमारास आणि पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास भरती. अंदाज म्हणून हा हिशेब चांगला आहे, पण जीव पणाला असेल तिथं छापील भरतीचं कोष्टक जवळ ठेवा.

रानकोंबड्याची मान

आता सगळ्यात महत्त्वाचं.

फ्लाय बांधायला पिसं लागतात. गावी परतल्यावर मी आजूबाजूच्या वाड्यांत सांगून ठेवलं होतं की गावठी कोंबडा कापला तर मानेची आणि पाठीची पिसं मला द्या, चार पैसे देईन. एक दिवस वरच्या गावातला एक तरुण पिशवी घेऊन आला. पिशवीत राखी रानकोंबड्याची अख्खी मान होती, कातडीसकट.

"काका, तुमच्या कामाक येतला. कितके देशात?"

फासकी लावून धरल्याचं त्यानंच सांगितलं. मान मी हातात घेतली नाही. त्याला ओट्यावर बसवलं आणि समजावलं की रानपाखराला मारणं, त्याचं पीस किंवा कातडं बाळगणं आणि विकणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे, त्यात तुरुंगवास होतो. त्याला ते ठाऊक नव्हतं. त्याच्या कानावर एवढंच आलं होतं की तोंडवलीत कोंबड्याच्या पिसाला पैसे मिळतात. रानातल्या कोंबड्याचं पीस अधिक देखणं, तेव्हा पैसेही अधिक मिळतील, असा त्यानं हिशेब केला. मागणी अशी एका कानातून दुसऱ्या कानात जाताना बदलते. आता मी पिसं मागताना आधी सांगतो की कोंबडा घरचा हवा, रानातलं पीस दारात आणू नका.

या पक्ष्याची कथा जुनी आहे. राखी रानकोंबडा हा भारतीय द्वीपकल्पाचा रहिवासी, सह्याद्रीच्या रानात आजही त्याची बांग ऐकू येते. नराच्या मानेच्या पिसांवर मेणासारखे कडक, पिवळट-पांढरे ठिपके असतात. पाण्यात ते लहान माशाच्या डोळ्यासारखे दिसतात. इंग्लंडमधल्या सालमनच्या फ्लाय बांधणाऱ्यांना एकोणिसाव्या शतकात या पिसांचं वेड लागलं. जॉक स्कॉट नावाची प्रसिद्ध फ्लाय या पिसांशिवाय पुरी होत नाही. आपल्या रानातले कोंबडे मारून त्यांच्या माना बोटींतून तिकडे जात होत्या. 1902 साली सरकारनं रानपक्ष्यांची पिसं आणि कातडी निर्यात करायला बंदी घातली, तरी चोरटा व्यापार पुढे चालूच राहिला. हे वेड कुठवर जातं याचं उदाहरण 2009 सालचं आहे. इंग्लंडमध्ये ट्रिंग इथल्या निसर्गविज्ञान संग्रहालयातून एडविन रिस्ट या तरुणानं 299 पक्ष्यांची कातडी चोरली. तो संगीताचा विद्यार्थी होता आणि त्याला फ्लाय बांधण्याचा नाद होता. आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी जमवलेले नमुनेही त्या चोरीत होते.

मासा एवढं बारकाईनं पाहत नाही. त्याला हालचाल दिसते, आकार दिसतो, पाण्यातला उजेड-अंधार दिसतो. तांबोशीनं आजवर माझ्या फ्लायवर झडप घातली ती गावठी कोंबड्याच्या पिसांवर आणि बोकडाच्या केसांवरच. ठिपका हवाच असेल तर कोंबडीच्या पांढऱ्या पिसावर नेलपॉलिशनं काढा. परदेशात रानकोंबडे पिसांसाठी पाळतात, हे खरं आहे. पण आपल्या गावात पाळलेल्याचं पीस कुठलं आणि फाशातलं कुठलं हे कुणी ओळखून सांगू शकत नाही, म्हणून ते घेऊच नये. सांबर आणि चितळाच्या केसांनाही हाच कायदा लागू आहे. मोराच्या पिसाऱ्यातलं आपोआप गळालेलं पीस बाळगायला कायद्यात मुभा आहे, ते देशाबाहेर मात्र पाठवता येत नाही.

घरच्या साहित्याची फ्लाय

नवशिक्यानं एकच फ्लाय नीट बांधायला शिकावी. अमेरिकेतल्या बॉब क्लाऊझर यांनी 1980 च्या दशकात सस्क्वेहाना नदीसाठी एक फ्लाय केली, ती आज जगभर खाऱ्या पाण्यात चालते. गरीच्या मानेवर धातूचे दोन जड मणी बांधतात, त्यामुळे पाण्यात गरी उलटी होते आणि टोक वर राहतं. आमच्या खडकाळ तळावर याचा मोठा फायदा, कारण ती कालवांत कमी अडकते.

खाटकाकडून बोकडाच्या शेपटीचे लांब, पांढरे केस मागून घ्या. ते आणि पिसं साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, मग घट्ट पिशवीत घालून काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे कीड आणि तिची अंडी मरतात. डब्यात कापूर टाका. काही केस हिरवे रंगवा. पोटाला पांढरे आणि पाठीला हिरवे केस बांधले की पेडव्याचा भास होतो. केस थोडेच घ्या, जाड झुबका पाण्यात मेल्यासारखा पडून राहतो. दोरा प्रत्येक वेढ्याला ताणून गुंडाळा आणि शेवटच्या गाठीवर पक्का डिंक लावा.

किनाऱ्यावर आल्यावर आधी मच्छीमार रापणीचं जाळं कुठे ओढताहेत ते बघा आणि तिथून दूर उभे राहा. तो त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, आपली हौस नंतर. मालवणच्या सागरी अभयारण्याच्या गाभा क्षेत्रात गरी टाकू नका. 1987 पासून तो भाग संरक्षित आहे. लहान मासा ओल्या हातानं धरून परत सोडा. राज्य शासनानं 2023 साली 54 जातींसाठी पकडायचा किमान आकार ठरवला आहे, तो माहीत करून घ्या. तुटलेला तंगूस तुकडान् तुकडा खिशात घालून घरी न्या. याच किनारपट्टीवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आणि वाळूत पडलेला तंगूस त्यांच्या पायांत अडकतो.

या छंदानं मला खूप आनंद दिला आहे, म्हणून तो तरुण मुलांनी शिकावा असं मनापासून वाटतं. शिकणाऱ्यांना एकच विनंती. साहित्य घेण्याआधी कुठल्या पाण्यात उतरणार ते ठरवा, आणि पीस घेण्याआधी ते कुठून आलं ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर पैसे देऊ नका. कुणी रानकोंबड्याची मान घेऊन दारात आला तर त्याला रिकाम्या हातानं परत पाठवा. गिऱ्हाईक नसलं की रानात फासकी लागत नाही.