कच्चा रंग, पक्का रंग

‘रंग जाणार नाही ना हो?’ कापडाच्या दुकानात हा प्रश्न न विचारता ज्यांनी लुगडे घेतले अशा आज्या पुण्यात फारशा नसतील. नुसते विचारून त्या थांबत नसत. पदराचे टोक बोटाने ओले करून पांढऱ्या रुमालावर घासून पाहत, आणि मग रंग कच्चा की पक्का याचा निकाल देत. वनस्पतींपासून कापड रंगवण्याची हौस अलीकडे पुन्हा वाढली आहे. तिचा विचार करताना आजीचा हा प्रश्न पुढे ठेवलेला बरा, कारण या विद्येचे मर्म त्यातच आहे.

फाल्गुनात पुण्याभोवतीच्या माळांवर आणि टेकड्यांच्या उतारांवर पळस फुलतो. उत्साही मंडळी फुले गोळा करतात, उकळतात, त्यात पांढरे फडके बुडवतात आणि निघालेला केशरी रंग पाहून हरखून जातात. दोन-तीन धुण्यांनंतर फडक्यावर मळकट पिवळी छटा तेवढी उरते. मग ‘नैसर्गिक रंग दिसायला सुंदर, पण टिकत नाहीत’ असा निष्कर्ष निघतो आणि पातेले माळ्यावर जाते. हा निष्कर्ष घाईचा आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीच्या एका भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडा सापडला. गुलाटी आणि टर्नर यांनी १९२९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यावरचा रंग मंजिष्ठेच्या जातीचा असल्याचे म्हटले आहे. चार हजारांहून अधिक वर्षे जमिनीखाली राहूनही ज्याची ओळख पटते, त्या रंगाला कच्चा कसे म्हणावे?

तेव्हा पक्केपणा येतो कुठून ते पाहू. सुताचा धागा सेल्युलोजचा. तो पाणी भराभर पितो, पण रंगाचे कण धरून ठेवण्याची ताकद त्याच्यात फारशी नसते. रेशीम आणि लोकर ही प्रथिने असल्यामुळे त्यांच्यावर रंग त्या मानाने लवकर बसतो. सुतावर रंग टिकवायचा तर धागा आणि रंग या दोघांनाही धरून ठेवणारा तिसरा कोणी मध्ये लागतो. शास्त्रात त्याला रंगबंधक म्हणतात. तुरटीतील ॲल्युमिनियम हे काम उत्तम करते. पण तुरटीही कोऱ्या सुताला पुरेशी चिकटत नाही. तिच्यासाठी आधी तुरट द्रव्याचा हात द्यावा लागतो आणि तो देतो हिरडा. थोडक्यात, धाग्याने हिरड्याला धरायचे, हिरड्याने तुरटीला आणि तुरटीने रंगाला. पळसाचे फडके पांढरे पडले ते ही साखळी जोडलेली नव्हती म्हणून.

हिरडा ही आपल्या जिल्ह्यात परकी वस्तू नाही. जुन्नर, आंबेगाव आणि भीमाशंकरच्या डोंगरपट्ट्यात तो भरपूर होतो. तिथल्या महादेव कोळी कुटुंबांना बाळहिरडा वेचून विकण्यावर वर्षाची बरीच भिस्त ठेवावी लागते. शहरात तो काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. रंगासाठी मोठे, पक्व हिरडे घ्यावेत आणि बी काढून टरफलाची भरड पूड करावी.

आता प्रत्यक्ष कृती. प्रमाण शंभर ग्रॅम सुती कापडाला सांगतो. कापड कोरडे असतानाच वजन करावे. मांजरपाट किंवा खादी घेणे उत्तम. नव्या कापडात खळ असते आणि कापसाचे नैसर्गिक मेणही असते. ते काढले नाही तर पुढचे सगळे श्रम वाया जातात. म्हणून साबण आणि थोडा धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात कापड तासभर उकळावे. पाणी चहासारखे पिवळट झालेले दिसले की आपण पांढरे समजत होतो ते कापड किती मळके होते हे कळते. स्वच्छ खळबळून घ्यावे. वीस ग्रॅम हिरड्याची पूड रात्रभर भिजवून गाळावी, त्या पाण्यात कापड तीन-चार तास ठेवावे, पिळावे आणि न धुता वाळवावे. कापडावर फिकट पिवळी झाक येते. नंतर पंधरा ग्रॅम तुरटी गरम पाण्यात पूर्ण विरघळवून त्यात कापड रात्रभर बुडवून ठेवावे आणि सकाळी एकदाच हलके खळबळावे. एवढे झाल्यावरच रंगाचे पातेले चुलीवर चढवायचे. पातेले स्टीलचे असावे. लोखंडी कढई रंगात आपणहून भर घालते. तिचा विचार पुढे येईल.

सगळ्यांत निश्चित फळ देणारा रंग आपण रोज केराच्या टोपलीत टाकतो. डाळिंबाची साल घ्या. रसाच्या गाड्यांवर ती ढिगाने पडलेली असते. साल वाळवून कुटावी आणि कापडाच्या वजनाइतकी घेऊन तासभर उकळावी. गाळलेल्या पाण्यात कापड उकळी फुटू न देता तासभर फिरवत राहावे आणि त्याच पाण्यात थंड होऊ द्यावे. मोहरीच्या तेलासारखा पिवळा येतो आणि धुण्यात सहज टिकतो, कारण सालीत स्वतःचेच तुरट द्रव्य भरपूर असते. कांद्याच्या वरच्या कोरड्या पापुद्र्यांचा रंग सोनेरी तांबूस. पापुद्रे वजनाला इतके हलके की पन्नास ग्रॅम जमवायला घरातल्या कांद्यांवर अवलंबून राहू नये; गुलटेकडीच्या बाजारात ते पायदळी तुडवले जात असतात.

तिसरा झेंडू. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दारोदारची तोरणे सुकून लोंबत असतात, आणि त्याआधी गणेशोत्सवात घाटांवरचे निर्माल्य कलश ओसंडून वाहिलेले असतात. पाकळ्या देठापासून सोडवाव्यात. हिरवा भाग आला की पिवळ्यात मळकटपणा येतो. ताजी फुले असतील तर कापडाच्या तिप्पट तरी घ्यावीत. तुरटीवर झेंडूचा पिवळा असा खुलतो की हळदीची आठवण व्हावी.

हळदीचे उदाहरण मुद्दाम घेण्यासारखे आहे. तिला बंधक लागत नाही. आमटीचा डाग सदऱ्यावर किती घट्ट बसतो हे सर्वांना माहीत आहे. साबण लागला की तो लाल होतो हेही. पण तोच सदरा दोन दिवस उन्हात टाकला की डाग नाहीसा होतो. म्हणजे पक्केपणाच्या कसोट्या दोन झाल्या, एक पाण्याची आणि दुसरी उन्हाची. एकीत उतरलेला रंग दुसरीत उतरेलच असे नाही. आजीचा ओला पदर पहिलीच कसोटी घेत होता. बंधकाचा उपयोगही मुख्यतः पहिलीत होतो; उन्हापुढे रंगद्रव्याचा मूळ स्वभावच कामी येतो. पळस या बाबतीत दुबळा आहे. त्याच्या पाण्यात चुन्याची निवळी घातली की केशरी रंग भडक होतो आणि रंगपंचमीला तो शोभतोही, परंतु कायमच्या वस्त्राला तो देऊ नये. पारिजातकाच्या देठांत केशरातल्या रंगद्रव्याच्याच कुळातले द्रव्य आहे. रेशमावर ते फार देखणे दिसते, पण ऊन त्यालाही सोसत नाही. शिवाय एका रुमालापुरते देठ जमवायचे तर किती सकाळी अंगणात ओणवे व्हावे लागेल याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

लोखंडाकडे वळू. गंजलेले खिळे, मूठभर गूळ आणि पाणी मडक्यात घालून दोन-तीन आठवडे ठेवले की आंबून काळपट पाणी तयार होते. हिरडा दिलेले कापड या पाण्यात बुडवले की डोळ्यांदेखत काळे पडू लागते. तुरट द्रव्य आणि लोह यांच्या संयोगाचा हा काळा, जुन्या पोथ्यांच्या शाईच्या जवळचा. डाळिंबाने पिवळे केलेले कापड यात क्षणभर बुडवून काढले तर शेवाळी हिरवा येतो. पण हात आखडता ठेवावा. लोह जास्त झाले तर धागा कुजतो. जुन्या छापील कापडांत काळी नक्षी तेवढी झडून तिथे भोके पडलेली दिसतात ती यामुळेच.

तांबडा मात्र टेकडीवर फिरून मिळत नाही. आपल्याकडचे जुने तांबडे दोन, आल आणि मंजिष्ठा, आणि दोन्हींचा रंग जमिनीखाली. आलीची लागवड खानदेशात आणि वऱ्हाडात होत असे. झाड तीन-चार वर्षांचे झाले की मुळांसकट खणून काढीत. खारवा नावाचे जाडेभरडे तांबडे कापड याच रंगाचे. मंजिष्ठेचा वेल सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आजही आढळतो. पण मूळ काढले की वेल गेला, म्हणून हौसेखातर तो उपटू नये. बाजारात मिळते तेवढी मंजिष्ठा शिकायला पुरे. तुरटीवर ती विटकरी तांबडा रंग देते आणि तो पाण्यालाही दाद देत नाही आणि उन्हालाही सहजासहजी नाही.

ही विद्या पुण्याला नवी नव्हती. १८९२ साली ज्यांच्याकडे सार्वजनिक गणपती बसला त्या भाऊसाहेब लक्ष्मण जावळे यांना लोक भाऊ रंगारी म्हणत. ते स्वतः वैद्य. घराण्याचा परंपरागत धंदा शालू रंगवण्याचा. हा योग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो, कारण हिरडा, मंजिष्ठा, हळद ही मंडळी वैद्याच्या फडताळात असतात तशी रंगाऱ्याच्याही असतात. परंतु त्या काळातच जमीन पायाखालून सरकू लागली होती. १८५६ मध्ये पर्किनने डांबरापासून जांभळा रंग काढला. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान यांनी मंजिष्ठेच्या युरोपीय बहिणीतले मुख्य रंगद्रव्य, ॲलिझरिन, प्रयोगशाळेत तयार केले. त्याला तीन-चार वर्षे जमिनीत वाढावे लागत नव्हते. १८९६ साली फॉसेट या अधिकाऱ्याचा मुंबई इलाख्यातील रंग आणि रंगकाम या विषयावरचा प्रबंध निघाला आणि पुढच्याच वर्षी जर्मनीतून कृत्रिम नीळ बाजारात आली. धंदा मोडत असतानाच त्याची नोंद झाली, असे म्हणायला हरकत नाही. कृत्रिम रंगांना सरसकट शिव्या देण्याच्या मताचा मी नाही. गरिबाच्या अंगावर स्वस्तात रंगीत कापड आले ते त्यांच्यामुळे. त्यांतील काही अॅझो रंगांपासून कर्करोगकारक द्रव्ये सुटतात म्हणून जर्मनीने १९९४ मध्ये त्यांवर बंदी घातली, पाठोपाठ भारतातही निर्बंध आले, आणि तेव्हापासून वनस्पतिरंगांकडे व्यापाऱ्यांचेही लक्ष पुन्हा वळले.

निळीचा प्रकार निराळा असल्यामुळे इथे दोनच शब्द. तिला बंधक नको. ती पाण्यात विरघळतच नाही. चुना, गूळ असे पदार्थ घालून रांजणात आंबवली की विरघळते. त्या पिवळसर हिरव्या पाण्यातून काढलेले कापड हवेत येताच निळे होते. हे आंबवण्याचे काम चालू राहावे म्हणून दक्षिणेकडे टाकळ्याचे बी शिजवून घालीत. आपण ज्याची पहिल्या पावसात भाजी करतो आणि नंतर तण म्हणून उपटतो तोच हा टाकळा. निळीच्या गोतातल्या काही लहान वनस्पती आपल्या टेकड्यांवर उगवतात. त्यांच्याकडून मात्र रंगाची अपेक्षा करू नये.

‘स्थानिक वनस्पती’ या शब्दांत एक मोह दडलेला आहे. सुती साडी अर्ध्या किलोच्या घरात भरते. तिला निदान तेवढीच वाळलेली फुले लागतील आणि ओली घ्यायची तर त्याच्या चार-पाच पट. वेताळ टेकडीवर किंवा पर्वतीच्या मागे एका कार्यशाळेचे तीस विद्यार्थी पिशव्या घेऊन गेले तर पळसावर येणाऱ्या शिंजिरांना आणि साळुंक्यांना काय उरेल? बाभळीची आणि खैराची साल तर झाडावरून मुळीच सोलू नये. सभोवार साल निघाली की झाड मरते. पडलेले फूल, छाटलेली फांदी, बाजारातली आणि स्वयंपाकघरातली साल एवढ्यावर शहरातल्या माणसाचे काम भागते, आणि वर पाहिल्याप्रमाणे टिकाऊ पिवळे त्यांतूनच निघतात. तसेच ‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी असेही नाही. काही पुस्तकांत रंग गडद करण्यासाठी मोरचूद किंवा क्रोमचे क्षार सांगितलेले असतात. ते घरात वापरू नयेत आणि त्यांचे पाणी मोरीतून नदीला पाठवू नये. तुरटी आणि थोडे लोह पुरते.

प्रयोग करणाऱ्याने प्रत्येक रंगाची वीतभर पट्टी राखून ठेवावी. तिचे तीन तुकडे करावेत. एक वहीत, एक आठवडाभर रोज धुण्यात, आणि तिसऱ्याचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून पंधरा दिवस दक्षिणेच्या खिडकीत. शेजारी वनस्पती, महिना, वजन, बंधक आणि पाणी नळाचे की विहिरीचे हे लिहावे; जड पाण्याने छटा बदलते. पंधरा दिवसांनी पुठ्ठा काढला की पळसाची आणि मंजिष्ठेची पट्टी आपापली हकीकत सांगतात. रंगवलेले कापड पहिले काही दिवस वेगळे धुवावे, रिठ्याच्या पाण्यात, आणि सावलीत वाळवावे. लोखंडाच्या पाण्यातून काढलेल्या कापडावर जेवताना लिंबू पिळू नये. जिथे थेंब पडतो तिथला काळा रंग फिका होऊन ठिपका उमटतो.