श्वासाची वाट आणि अभिस्तर ऊती

रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिलतरा हे औद्योगिक क्षेत्र आहे. तेथे आणि जवळच्या उरला भागात स्पंज लोखंड तयार करणारे कारखाने आहेत. या कामात कोळसा व लोहखनिज यांची बारीक धूळ उडते आणि ती कामगारांच्या श्वासाबरोबर शरीरात शिरते. तेथे तिची पहिली गाठ पडते ती अभिस्तर ऊतीशी.

समान उगम व सारखी रचना असलेल्या, एकत्र येऊन विशिष्ट कार्य करणाऱ्या पेशींच्या समूहाला ऊती म्हणतात. मानवी शरीरात अभिस्तर, संयोजी, स्नायू व चेता अशा चार प्रमुख ऊती असतात. हाड आणि रक्त या दोन्हींची गणना संयोजी ऊतींत होते, हे प्रथम वाचताना नवल वाटते. अभिस्तर ऊती मात्र सहज ओळखता येते. शरीराचा बाह्य पृष्ठभाग, आतील पोकळ्या आणि नलिका यांना तिचे अस्तर असते. तिच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असून त्यांच्या तळाशी एक पातळ पटल असते. या ऊतीत रक्तवाहिन्या नसतात. पटलाखालच्या संयोजी ऊतीतून झिरपणारे पोषण तिला मिळते.

अभिस्तराचे वर्गीकरण करताना दोन प्रश्न विचारले जातात : पेशींचे थर किती आणि पेशींचा आकार कसा? एकच थर असल्यास अभिस्तर सरल, अनेक थर असल्यास स्तरित. पेशी फरशीसारख्या चपट्या असल्यास पट्टकी, लांबी, रुंदी व उंची जवळजवळ सारखी असल्यास घनाभरूप आणि उभ्या खांबांसारख्या असल्यास स्तंभीय. स्तरित अभिस्तराचे नाव सर्वांत वरच्या थरातील पेशींच्या आकारावरून ठरते, हे लक्षात ठेवावे. कारण खालच्या थरांतील पेशी बहुधा वेगळ्या आकाराच्या असतात.

आता धुळीच्या कणाचा मार्ग पाहू. नाकाच्या आत आणि श्वासनलिकेत स्तंभीय पेशींचे अस्तर असते. त्यांची केंद्रके कमीअधिक उंचीवर असल्याने अनेक थर असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात प्रत्येक पेशी तळाच्या पटलाला टेकलेली असते. म्हणून या अभिस्तरास आभासी स्तरित म्हणतात. पेशींच्या टोकांवर केसांसारखी रोमके असतात. धूळ चिकट श्लेष्मात अडकते आणि रोमके एका दिशेने हलून तो श्लेष्म घशाकडे ढकलतात. अतिसूक्ष्म कण मात्र येथून निसटून वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथील अस्तर बहुतांशी सरल पट्टकी असते. वायुकोशातील हवा व रक्त यांच्यामधील पडदा बहुतेक ठिकाणी एका मायक्रोमीटरहूनही पातळ असल्याने प्राणवायू सहज रक्तात जातो; पण याच नाजूकपणामुळे तेथे धूळ साचणे घातक ठरते.

लहान आतड्यात शोषणासाठी सरल स्तंभीय, तर मूत्रपिंडाच्या नलिकांत प्रामुख्याने घनाभरूप अभिस्तर असते. तोंड आणि अन्ननलिका यांना अन्नाचे घर्षण सोसावे लागते, म्हणून तेथे स्तरित पट्टकी अभिस्तर असते. वरच्या पेशी झिजून गळतात आणि तळच्या थरातील पेशी विभाजित होऊन त्यांची जागा घेतात.

हे वर्गीकरण केवळ पाठांतरासाठी नाही. दीर्घकाळ धूम्रपान करणाऱ्याच्या श्वासनलिकांत काही ठिकाणी रोमके असलेल्या पेशी नाहीशा होऊन स्तरित पट्टकी अभिस्तर तयार होते. ते धुरापुढे अधिक टिकते. परंतु श्लेष्म वर ढकलणारी रोमकेच उरत नाहीत, त्यामुळे तो खोकूनच बाहेर काढावा लागतो.

छत्तीसगडमध्ये तंबाखू व गूळ यांपासून केलेली गुडाखू हिरड्यांवर बोटाने चोळण्याची सवय अनेक स्त्रीपुरुषांना आहे. तंबाखूच्या अशा सेवनाने तोंडाच्या अस्तरावर पांढरा चट्टा उमटू शकतो. तो दुखत नाही, म्हणून पुष्कळदा दुर्लक्षिला जातो. संशय आल्यास डॉक्टर चट्ट्याचा लहानसा तुकडा काढतात. त्याचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले जातात. तळच्या थरापासून वर जाताना पेशी क्रमाने चपट्या होत आहेत का, की थरांची शिस्त बिघडली आहे, हे प्रथम पाहिले जाते. त्यानंतर सर्वांत बारकाईने तपासले जाते ते तळाचे पटल. विकृत पेशी त्याच्या वरच असतील, तर तेवढा भाग काढून टाकणे बहुधा शक्य असते. पटल भेदून त्या खाली उतरल्या असतील, तर तो कर्करोग ठरतो.