छायाचित्रात लपलेला पत्ता

समजा, विज्ञान प्रदर्शनात तुम्हांला ढाल मिळाली. घरी आल्यावर आईने मोबाईलवर तुमचे छायाचित्र काढले. वर्गशिक्षकांनी ते ई-मेलने मागवून शाळेच्या संकेतस्थळावर घातले आणि खाली नाव व इयत्ता लिहिली. या चित्रात काय काय आहे? तुम्ही म्हणाल, मी आणि माझी ढाल. पण तेवढेच नाही!

चित्राच्या फाइलमध्ये एक न दिसणारी नोंद असते. तिला 'एक्झिफ' म्हणतात. चित्र केव्हा आणि कोणत्या कॅमेऱ्याने काढले, हे तीत असते. मोबाईलच्या कॅमेऱ्याची स्थाननोंद चालू असेल, तर त्या जागेचे अक्षांश-रेखांशही असतात. ते मोबाईलला कसे कळतात? सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह रेडिओ संदेश पाठवीत असतात. संदेश पोहोचायला लागलेला वेळ गुणिले प्रकाशाचा वेग, म्हणजे उपग्रहाचे अंतर. अशा निदान चार उपग्रहांवरून मोबाईल आपले स्थान काढतो.

आता थोडे गणित करू या. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. दशांश चिन्हापुढे दोन अंक दिले, तर १.१ किलोमीटरपर्यंत नेमकेपणा येतो. तुमची वस्ती कळते. चार अंक दिले, तर ११ मीटर. म्हणजे तुमचे घरच सापडले! नाव, चेहरा, इयत्ता आणि घर, सारे एका चित्रावरून अनोळखी माणसाच्या हाती पडले.

पुष्कळ समाजमाध्यमे ही नोंद काढून टाकतात. पण प्रत्येक संकेतस्थळ तसे करतेच असे नाही. शिवाय गळ्यातील ओळखपत्र, दारावरची पाटी, स्कूटरचा क्रमांक या गोष्टी तर उघड्या डोळ्यांनाच दिसतात.

करून पाहा : घरातील मोबाईलवरच्या एखाद्या चित्राचा तपशील उघडा. त्यात नकाशा दिसतो का? दिसल्यास मोठ्यांच्या मदतीने कॅमेऱ्याची स्थाननोंद बंद करा. चित्र पाठवण्यापूर्वी तुमच्या मागे काय दिसते, तेही तपासा.

भारतीय संसदेने २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. त्यात १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि बालकाची माहिती वापरण्यासाठी, काही अपवाद सोडता, पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. तेव्हा "सर, नुसते चित्र घाला, पूर्ण नाव नको," असे शिक्षकांना सांगण्यात उद्धटपणा मुळीच नाही.

तुमची ढाल जगाने जरूर पाहावी. घराचा पत्ता मात्र तिच्याबरोबर जाता कामा नये.